चिक चॉकलेट व त्यांचे अनामिक सोबती

गीत ऐकतांना संगीतकार आठवतो. ट्रंपेट फुंकणारा विस्मरणांत जातो. म्हणून ह्या महोत्सवीं आम्ही कै. आंतोनियो झेवियर वाझ ह्यांचें स्मरण करितों. १९१६ सालीं गोव्यांतील हळदोणें गांवीं ते जन्मले. त्या काळीं तेथें चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि शिकवीत. तिच्याच बळावर अनेक गोमंतकीय वादकांस मुंबईंत भाकर मिळाली. वाझ तेथें ‘चिक चॉकलेट’ ह्या नांवानें गाजले. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत सी. रामचंद्रांच्या संगीतास त्यांनीं आपल्या वाद्यवृंदासह साथ दिली. १९६७ सालीं ते निवर्तले. अशा वादकांचीं नांवें श्रेयनामावलींत क्वचितच येत. वाचकहो, आपल्याही घरीं पित्याचें वाद्य खुंटीस टांगलेलें असेल, तर त्याच्या सोबत्यांचीं नांवें वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवा आणि सर्वांच्या आत्म्यांसाठीं प्रार्थना करा.