इसामू नोगुची : दोन देशांचा मुलगा, जो स्वतःहून छावणीत गेला

३० डिसेंबर हा शिल्पकार इसामू नोगुची यांचा स्मृतिदिन. आपल्याकडे हे नाव फारसे घेतले जात नाही. कागदाच्या त्या गोल जपानी दिव्यांची नक्कल आता आपल्या शहरांतल्या दुकानांतही मिळते, पण मूळ कल्पना कुणाची हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. मला नोगुचींबद्दल लिहावेसे वाटले ते मात्र दिव्यांमुळे नाही, एका मुलामुळे.

पुण्यात कामाच्या निमित्ताने त्याची भेट झाली. वडील मराठी, आई जपानी, जन्म जपानमधला. अठरा पूर्ण होत आले होते आणि घरात एकच विषय चालू होता, पासपोर्ट कोणता ठेवायचा? आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेल्या अशा मुलाने सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरे नागरिकत्व सोडले नाही, तर त्याचे भारतीयत्व संपते. जपान थोडी जास्त मुदत देतो. पूर्वी बाविसाव्या वर्षापर्यंत निवड करायची होती, २०२२ पासून ती मर्यादा विसाव्या वर्षावर आली. तेही आईचे नागरिकत्व मुलाला मिळायला लागले म्हणून. १९८५ पूर्वी जपानी कायदा फक्त बापाचे रक्त मोजत होता. तो मुलगा मला म्हणाला की फॉर्म भरण्याचे काही नाही, पण इथे सगळे चिंकी म्हणतात आणि तिथे सगळे परदेशी म्हणतात, त्याचा फॉर्म कुठे भरायचा? मला उत्तर सुचले नाही. नंतर नोगुचींचे चरित्र वाचले तेव्हा तो सारखा डोळ्यांसमोर येत होता.

इसामूचा जन्म १७ नोव्हेंबर १९०४ चा, लॉस एंजेलिसचा. आई लिओनी गिल्मर अमेरिकन, उच्चशिक्षित, शिक्षिका आणि संपादनाचे काम करणारी. वडील योने नोगुची जपानी कवी. ते इंग्रजीत लिहीत आणि त्यांचे इंग्रजी लिओनी नीट करून देत असे. मूल जन्माला येण्याआधीच कवी जपानला निघून गेले. कायद्याने नोंदलेले लग्न झालेलेच नव्हते. समाजाच्या नजरेत ही लिओनीची बेअब्रू होती, पण यात एक गंमत आहे. १९०७ साली अमेरिकेने कायदा केला की परदेशी पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीला नवऱ्याचे नागरिकत्व लागेल, म्हणजे तिचे स्वतःचे जाईल. ज्या लग्नाच्या अभावी लोकांनी तिला नावे ठेवली, ते झाले असते तर तिचा देशच हातातून गेला असता. बाईच्या नागरिकत्वाची किंमत तेव्हा इतकीच होती.

त्याच वर्षी ती मुलाला घेऊन जपानला गेली. इसामू हे नाव त्याला तिथे वडिलांनी दिले. अर्थ, धैर्य. नावापलीकडे त्यांनी फारसे काही दिले नाही. त्यांचा दुसरा संसार होता. आई शिकवण्या करून घर चालवत राहिली. चिगासाकी या समुद्रकाठच्या गावी तिने छोटे घर बांधायला काढले, तेव्हा आठेक वर्षांच्या इसामूला सुताराच्या हाताखाली लावले. लाकडाचा आणि हत्यारांचा पहिला धडा तो. शाळेत आणि गल्लीत मात्र तो परक्याचा पोर होता. निळसर डोळे लपवता येत नाहीत.

१९१८ साली, तेरा वर्षांचा असताना, आईने त्याला एकट्याला बोटीत बसवून अमेरिकेला पाठवले. इंडियाना राज्यातल्या एका शाळेत तो पोचला आणि थोड्याच दिवसांत पहिल्या महायुद्धामुळे ती शाळा बंद पडली. परक्या देशात पोरका झालेल्या मुलाची सोय शाळेच्या संस्थापकाने ला पोर्ट गावातल्या एका पाद्र्याच्या घरी लावून दिली. तिथे तो सॅम गिल्मर झाला. या नावाने तो १९२२ साली शाळा पास झाला. चेहरा जपानी, नाव पक्के अमेरिकन. वर्तमानपत्रे टाकणारा, गवत कापणारा गावातला मुलगा.

पुढे न्यूयॉर्क आणि कोलंबिया विद्यापीठ. बाबासाहेब १९१६ साली ज्या कोलंबियातून बाहेर पडले, तिथेच काही वर्षांनी हा मुलगा डॉक्टर व्हायला दाखल झाला. आईच्या सांगण्यावरून संध्याकाळी एका कलाशाळेत जाऊ लागला आणि मग डॉक्टरकी सुटली. इथे त्याने एक गोष्ट केली, ज्याकडे चरित्रकारांपेक्षा आपण जास्त बारकाईने पाहायला हवे. त्याने सॅम गिल्मर हे नाव टाकले आणि ज्या बापाने त्याला कधी आपला म्हटले नाही, त्याचे नोगुची हे आडनाव लावले.

वर्ष पाहा. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला तो गोरा नाही म्हणून नागरिकत्व नाकारले. १९२३ साली भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाला नाकारले. थिंड यांच्या बाजूचा युक्तिवाद असा होता की आपण उच्च जातीचे, आर्य वंशाचे, म्हणून गोऱ्यांतच जमा. जातीचा अभिमान सातासमुद्रापार घेऊन जाऊन कोर्टात पुरावा म्हणून मांडला आणि तिथे तो कुणी विचारला नाही! १९२४ साली तर अमेरिकेने जपान्यांना दारच बंद केले. आणि त्याच सुमारास, गोऱ्या आईचे आडनाव हाताशी असताना, हा वीस वर्षांचा तरुण जपानी आडनाव उचलतो. जन्म अमेरिकेतला असल्याने त्याचे नागरिकत्व कुणी काढून घेऊ शकत नव्हते, हे खरे. पण चेहऱ्यावर आणि दारावरच्या पाटीवर जे यायचे ते येणारच होते.

१९२७ साली त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. अर्जात त्यांनी पॅरिस, मग भारत, मग चीन आणि जपान असा बेत लिहिला होता. पॅरिसला ब्रँकुझी या थोर शिल्पकाराच्या हाताखाली काम केले, पण भारत तेव्हा राहूनच गेला. १९३० साली जपानला जायचे ठरले तर वडिलांचे पत्र आले की नोगुची हे नाव लावून इकडे येऊ नकोस. ते बीजिंगला थांबले, ची बाइशी या चित्रकाराकडे कुंचल्याचे काम शिकले आणि १९३१ साली तरीही जपानला गेलेच. वडील भेटले. भेट सुखाची नव्हती. क्योटोत एका कुंभाराकडे माती मळत त्यांनी दिवस काढले. त्याच वर्षी जपानी सैन्य मांचुरियात घुसले आणि ते अमेरिकेला परतले.

या वडिलांचा आपल्याशीही संबंध आला होता. योने नोगुची १९३५-३६ मध्ये भारतात व्याख्याने देत फिरले. दोन वर्षांनी चीनवरील जपानी आक्रमणाचे समर्थन करणारे पत्र त्यांनी रवींद्रनाथांना लिहिले आणि रवींद्रनाथांनी मैत्रीची पर्वा न करता त्यांना स्पष्ट नकार दिला. मुलगा त्या काळात काय करत होता? १९३४ साली त्याने टेक्सासमध्ये जमावाने मारलेल्या एका काळ्या माणसाच्या छायाचित्रावरून दोरीला लटकलेला, आक्रसलेला धातूचा देह घडवला होता. एका नामांकित समीक्षकाने त्याची संभावना जपानी माणसाची छोटीशी चूक अशी केली. अमेरिकेत जन्मलेल्या कलावंताने अमेरिकेचे पाप दाखवले की तो लगेच जपानी ठरतो. ही युक्ती आपल्या ओळखीची आहे.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. फेब्रुवारी १९४२ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरादारातून उचलून छावण्यांत नेले. त्यांतले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. अंगात जपानी रक्ताचा सोळावा हिस्सा असला तरी पुरे, असा हिशेब होता. जुन्या जपानी कायद्याने परदेशात जन्मलेल्या मुलांनाही बापाकडून जपानी नागरिकत्व आपोआप चिकटत असे. १९२४ साली जपानने तो नियम बदलला, तरी अनेकांचे दुहेरी नागरिकत्व कागदावर राहिले होते. त्यांनी ते मागितले नव्हते, बऱ्याच जणांना धड माहीतही नव्हते. तेच आता त्यांच्या बेइमानीचा पुरावा म्हणून दाखवले गेले.

नोगुची न्यूयॉर्कचे रहिवासी. आदेश त्यांना लागू नव्हता. त्यांनी आधी जपानी-अमेरिकन लेखक-कलावंतांची संघटना उभी करून लोकांची बाजू मांडायचा प्रयत्न केला, तो फसला. मग मे १९४२ मध्ये ते स्वतःहून ॲरिझोनातल्या पोस्टन छावणीत राहायला गेले.

ही छावणी मूलनिवासींच्या राखीव जमिनीवर, त्यांच्या परिषदेचा विरोध डावलून बांधलेली होती. एका उपेक्षित समूहाच्या जमिनीवर दुसऱ्याला कोंडले. वाळवंट, धूळ, अंग भाजणारे ऊन आणि बराकी. माणसे सतरा हजारांहून जास्त. मूलनिवासी खात्याचे प्रमुख जॉन कॉलिअर यांच्याशी बोलून नोगुची तिथे गेले होते. छावणीला माणसांनी राहण्याजोगे गाव करायचे, बागा, खेळाची मैदाने, पोहण्याचे तलाव, स्मशानभूमीसुद्धा आखायची, असे त्यांच्या मनात होते. आराखडे झाले. साहित्य कधीच आले नाही. छावणी चालवणाऱ्या खात्याला तिथे गाव वसवायचेच नव्हते.

त्याहून अवघड गोष्ट दुसरी होती. आतल्या लोकांनी त्यांना आपले मानले नाही. तिथले तरुण विशीतले, शेतकऱ्या-दुकानदारांची मुले. हे सदतिशीचे, न्यूयॉर्कचे, नावाजलेले, अर्धे गोरे आणि साहेबांशी उठबस असणारे. मनात आले तर येणारा माणूस मनात आले तर जाऊही शकतो, हे कोंडलेल्या माणसाला लगेच कळते. काहींना ते सरकारचे हेर वाटले. आणि सरकारला? त्यालाही ते संशयितच वाटले. काही महिन्यांतच त्यांनी सुटकेसाठी अर्ज केला, तेव्हा कळले की स्वतःच्या पायाने आत आलेल्यालाही बाहेर पडायला परवानगी लागते. नोव्हेंबर १९४२ मध्ये तात्पुरती रजा मिळाली, ते न्यूयॉर्कला गेले आणि परतले नाहीत. त्यानंतरही गुप्तचर खाते मागे लागले होते. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या मदतीने ते प्रकरण निपटले.

वस्तीत दहा वर्षे काम केल्यावर मी हा प्रसंग वाचला आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, रागही आला. आदर यासाठी की सुटलेला माणूस सहसा मागे वळत नाही. राग यासाठी की लोकांना काय हवे हे विचारण्याआधी ते बागेचा नकाशा घेऊन गेले, तोही साहेबाच्या दारातून. आपणही वस्त्यांमध्ये असेच जातो, आणि लोक हसून चहा देतात म्हणून आपल्याला वाटते की आपल्याला स्वीकारले.

युद्ध संपले. वडील १९४७ साली वारले. १९४९ साली नोगुची लांबच्या प्रवासाला निघाले आणि अखेर भारतात आले. जंतरमंतरच्या दगडी वेधशाळांची त्यांनी मन लावून छायाचित्रे काढली. पुढे जावामध्ये बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप पाहिला. शिल्प म्हणजे पाहायची वस्तू नाही, माणसाने चालून अनुभवायची जागा आहे, ही त्यांची धारणा या प्रवासात पक्की झाली. १९५० साली ते जपानला पोचले, तर त्याच देशाने आता त्यांचे स्वागत केले. वडील ज्या केइओ विद्यापीठात शिकवत, तिथे त्यांच्या स्मरणार्थ एक दालन त्यांनी उभारले. ज्याने नाव लावू नको म्हणून सांगितले त्याचेच स्मारक! क्षमा म्हणावी की हट्ट, मला ठरवता आलेले नाही.

याच काळात त्यांचे लग्न झाले, योशिको यामागुची यांच्याशी. या बाईंची गोष्ट स्वतंत्र लिहिण्यासारखी आहे. जपानी आईबापांच्या पोटी मांचुरियात जन्म, ली श्यांगलान या चिनी नावाने जपानी प्रचारपटांत नटी. युद्धानंतर चीनमध्ये देशद्रोहाचा खटला भरला गेला, आणि त्या चिनी नाहीतच, जपानी आहेत, हे कुटुंबाच्या नोंदवहीच्या नकलेवरून सिद्ध झाल्यामुळे सुटल्या. एका कागदाने जीव वाचला. पुढे अमेरिकेने त्यांना व्हिसा नाकारला, नवराबायको दोन देशांत अडकले आणि काही वर्षांत संसार मोडला.

हिरोशिमाच्या शांती उद्यानातले दोन पूल नोगुचींनी घडवले. एकाच्या नावाचा अर्थ घडवणे, दुसऱ्याच्या नावाचा अर्थ जाणे. वास्तुविशारद केंझो तांगे यांनी मृतांच्या स्मारकाचेही काम त्यांच्याकडे दिले होते. काळ्या दगडाची जाड कमान, तिचे पाय जमिनीखाली उतरलेले, खाली मृतांची नावे. १९५२ साली समितीने ते नाकारले. बॉम्ब टाकणाऱ्या देशाचा माणूस मृतांचे स्मारक कसे करणार, हे त्यामागचे कारण मानले जाते. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत संशयित जपानी, आता जपानमध्ये नको असलेला अमेरिकन. पुलांवरून मात्र लोक आजही चालतात.

यानंतरची यादी मोठी आहे. गिफू गावच्या कारागिरांबरोबर केलेले कागदी दिवे, पॅरिसमध्ये युनेस्कोची बाग, शिकोकू बेटावर मुरे येथे दगडाचे काम आणि न्यूयॉर्कमध्ये १९८५ साली उघडलेले स्वतःचे संग्रहालय. वर्षाचा काही काळ इकडे, काही काळ तिकडे असे ते शेवटपर्यंत राहिले. १९८६ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते अमेरिकेचे प्रतिनिधी होते आणि त्याच वर्षी जपानमधला क्योटो पुरस्कारही त्यांना मिळाला.

१० ऑगस्ट १९८८ रोजी अमेरिकेने कायदा करून छावण्यांबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानाला २०,००० डॉलर देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी जपाननेही नोगुचींना राजसन्मान दिला. ३० डिसेंबर १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्या वर्षी त्यांनी साप्पोरो शहराच्या कचऱ्याच्या आगरावर मुलांसाठी एका मोठ्या उद्यानाचा आराखडा केला होता. पोस्टनमध्ये न झालेली मैदाने तिथे झाली. २००५ साली ते पूर्ण उघडले आणि आज तिथे कोणत्याही पासपोर्टची मुले घसरगुंडीवर खेळतात.