शब्दास जागणारा वक्ता : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

विद्यार्थिमित्रहो, शाळेंत वक्तृत्वाची चढाओढ जाहीर झाली म्हणजे वर्गांत दोन प्रकारचे विद्यार्थी दिसूं लागतात. ज्यांची जीभ चुरुचुरू चालते ते विषय कोणता हें न पाहतांच आपलें नांव देतात. आणि जे स्वभावतः लाजाळू असतात ते, वक्तृत्व ही ईश्वरी देणगी असून ती आपल्या वांट्यास आलेली नाहीं अशी समजूत करून घेऊन मागच्या बांकावर जाऊन बसतात. हे दोघेही चुकतात. उत्तम बोलणें हें जिभेच्या चपळाईवर अवलंबून नसून परिश्रमावर व सचोटीवर अवलंबून असतें, हें ज्यास प्रत्यक्ष उदाहरणानें पाहावयाचें असेल त्यानें आपल्याच महाराष्ट्रांत होऊन गेलेल्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्राकडे वळावें.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या खेड्यांत झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कागल संस्थानांत नोकरीस होते. १८७९ सालीं वडील वारले, तेव्हां गोपाळाचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें. थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःच्या शिक्षणावर पाणी सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते कोल्हापुरांत शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवूं लागले. त्या आठ रुपयांतला पैन् पैसा कोणाच्या त्यागांतून आला आहे, याचा त्या मुलास कधीं विसर पडला नाहीं. दिव्याचें तेल वांचविण्यासाठीं तो रस्त्यावरच्या कंदिलाखालीं बसून अभ्यास करी, असें सांगतात. त्याच्या शाळेंतली आणखी एक आठवण अशी सांगितली जाते कीं, गणिताचीं उदाहरणें बरोबर सोडविल्याबद्दल गुरुजींनीं एकदां त्याची पाठ थोपटली असतां तो हर्षित होण्याऐवजीं रडूं लागला. कारण त्यांतलें एक उदाहरण त्यानें दुसऱ्याच्या साहाय्यानें सोडविलें होतें. आपलें नाहीं तें आपलें म्हणून मिरवावयाचें नाहीं, हा त्याचा बाणा तेव्हांपासूनचा.

१८८१ सालीं मॅट्रिक होऊन व पुढें कोल्हापूर, पुणें व मुंबई येथील कॉलेजांतून शिकून १८८४ सालीं ते बी. ए. झाले. लवकरच पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत ते अवघ्या पस्तीस रुपयांवर शिक्षक म्हणून राहिले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन फर्ग्युसन कॉलेजांत शिकवूं लागले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, ज्या विषयास शिक्षक नसेल तो विषय त्यांच्याकडे येई आणि ते त्याची बैठक मारून तयारी करीत. अंकगणिताचें त्यांनीं एका सहकाऱ्याच्या साहाय्यानें तयार केलेलें पुस्तक तर शाळाशाळांतून चाललें.

त्यांची इंग्रजी भाषा पुढें राजधानीच्या सभागृहांत वाखाणली गेली. पण ती त्यांस जन्मतः मिळालेली नव्हती. कोंकणच्या खेड्यांतल्या एका गरीब घरचा हा मुलगा. इंग्रजींतील नामांकित गद्यकारांचे उतारेच्या उतारे त्यांनीं मुखोद्गत केले, मोठ्यानें म्हटले, आणि त्या घोकंपट्टींतून वाक्याचा तोल कसा सांभाळावा, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसें यावें, हें ते शिकले. पाठांतर हें त्यांच्या दृष्टीनें शिडीप्रमाणें होतें. माडीवर पोंचल्यावर शिडी डोक्यावर घेऊन कोणी हिंडत नाहीं.

१८८७ च्या सुमारास न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्याशीं त्यांचा परिचय झाला आणि त्यांच्या वाणीस खरा गुरु लाभला. रानड्यांनीं त्यांस आवाज कसा चढवावा किंवा हात कसे हालवावे हें शिकविलें नाहीं. सरकारी अहवाल वाचावयास लावले, त्यांतील आंकडे पडताळून पाहावयास लावले, आणि त्यांवरून अर्ज व टिपणें लिहावयास लावलीं. लिहिलेलें पसंतीस न उतरल्यास तें पुनः लिहावें लागे. अर्थशास्त्राचे मोठे जाणते गणेश व्यंकटेश जोशी, जे सरकारी शाळेंत मुख्याध्यापक होते, त्यांनींही या तरुणास आंकड्यांच्या अरण्यांतून वाट काढावयास शिकविलें. सभेंत तासभर बोलण्यासाठीं कित्येक महिने मुकाट्यानें वाचावें लागतें, हा धडा गोखल्यांनीं या दोन गुरूंपाशीं घेतला.

या शिक्षणाची पहिली मोठी कसोटी १८९७ सालीं लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठीं विलायतेंत जें वेल्बी कमिशन बसलें होतें, त्याच्यापुढें साक्ष देण्यासाठीं गोखले लंडनास गेले. तेव्हां त्यांचें वय तीस वर्षांचें होतें. वाटेंत कॅले येथें पडून छातीस दुखापत झाली होती, तरी त्यांनीं ती बरेच दिवस कोणास कळूं दिली नाहीं. कमिशनच्या सभासदांनीं त्यांची कसून उलटतपासणी केली. परंतु प्रत्येक विधानामागें आधार तयार असल्यामुळें त्यांस कोठेंही माघार घ्यावी लागली नाहीं. त्यांचें नांव दोन्ही देशांत झालें.

आणि याच यशाच्या शिखरावरून ते एकाएकीं खालीं आले. वाचकहो, या चरित्रांतला खरा मोलाचा भाग येथेंच आहे.

त्या वर्षीं पुण्यांत प्लेगनें थैमान मांडलें होतें. घरांची झडती घेण्यासाठीं गोऱ्या सैनिकांची नेमणूक झाली होती आणि त्यांच्या वर्तनाविषयीं लोकांत तीव्र संताप होता. पुण्याच्या विश्वासू स्नेह्यांकडून गोखल्यांस विलायतेंत पत्रें आलीं. त्यांत सैनिकांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचा भयंकर मजकूर होता. आपल्या लोकांवरील जुलूम ऐकून त्यांचें मन पेटलें आणि तेथील एका वृत्तपत्रांतून त्यांनीं तो आरोप जाहीरपणें मांडला. एरवीं साध्या आंकड्याचीही तीनतीनदां पडताळणी करणाऱ्या या पुरुषानें या एका प्रसंगीं ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला.

सरकारनें पुरावा मागितला. मुंबईस परत येतांच गोखल्यांनीं पत्रें लिहिणाऱ्यांकडे धांव घेतली. परंतु आरोप सिद्ध करण्यास पुढें येईल असा एकही मनुष्य त्यांस मिळाला नाहीं. त्या स्नेह्यांचीं नांवें उघड करून स्वतः मोकळें होण्याची वाट त्यांच्यापुढें होती; ती त्यांनीं धरली नाहीं. शब्दांचा खेळ करून आपण असें म्हटलेंच नव्हतें असें भासविण्याची वाटही होती. तीही त्यांनीं धरली नाहीं. ऑगस्ट १८९७ मध्यें त्यांनीं वृत्तपत्रांत पत्र प्रसिद्ध करून आपलें विधान बिनशर्त मागें घेतलें आणि ज्यांवर आरोप केला होता त्यांची निःसंकोचपणें क्षमा मागितली.

मग टीकेचा असा भडिमार झाला कीं पुसूं नये. विलायतेंत त्यांस खोटारडे म्हणून हिणविलें गेलें आणि स्वदेशांत भित्रे म्हणून. लोकांचा सैनिकांवरील संताप खरा होता, आणि तो संताप मांडणाऱ्यानेंच माघार घेतली याचें अनेकांस अतोनात दुःख झालें. त्याच वर्षीं अमरावतीस भरलेल्या राष्ट्रसभेच्या वेळीं त्यांच्याविषयींचा रोष उघड दिसून आला. पुरावा नसतां केलेलें विधान मागें घेण्यावांचून प्रामाणिक मनुष्यास गत्यंतर नव्हतें, हें समजून घेणारे त्या वेळीं थोडेच होते. गोखल्यांनीं उलट टीका केली नाहीं. ते गप्प राहिले, आणि प्लेगची साथ पुनः आली तेव्हां स्वयंसेवक होऊन पुण्याच्या रोगग्रस्त गल्ल्यांतून हिंडूं लागले. गेलेली पत त्यांनीं भाषणानें परत मिळविण्याची खटपट केली नाहीं. ती कृतीनें मिळविली. १८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले, आणि सर फिरोजशहा मेथांची वरिष्ठ कायदेमंडळांतील जागा रिकामी होतांच ती गोखल्यांकडे आली.

२६ मार्च १९०२ रोजीं कलकत्त्यास अंदाजपत्रकावरील त्यांचें पहिलें भाषण झालें. सरकारच्या तिजोरींत त्या वर्षीं सात कोटींची शिल्लक पडली होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखविली जात होती. गोखल्यांनीं सरकारचेच आंकडे घेऊन दाखवून दिलें कीं, दुष्काळानें पोळलेल्या रयतेवर गरजेहून अधिक कर बसविल्याची ती खूण आहे. त्यांनीं मिठावरील कराकडे बोट दाखविलें. १८८८ पासून हा कर मणास अडीच रुपये होता आणि तो गरिबांतल्या गरिबाच्या भाकरीपर्यंत पोंचत होता. त्यांच्या बोलण्यांत कठोर विशेषणें नव्हतीं, हातवारे नव्हते. एकामागून एक आंकडा येई आणि ऐकणारा स्वतःच निष्कर्षापर्यंत पोंचे. पुढें वर्षानुवर्षें ते हा विषय मांडीत राहिले. १९०३ सालीं मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ सालीं दीड रुपयावर व १९०७ सालीं एका रुपयावर. हें कांहीं एकट्या गोखल्यांचें कार्य नव्हे. परंतु त्यांच्या चिकाटीचा त्यांत मोठा वांटा होता, यांत संशय नाहीं.

१९०५ सालीं त्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. त्या समाजांत येणाऱ्या तरुणांस पांच वर्षें अभ्यास व अनुभव यांची शिदोरी बांधावी लागे. लोकांस सांगण्यापूर्वीं आपणांस कळलें पाहिजे, ही रानड्यांपासून मिळालेली शिकवण त्यांनीं अशा रीतीनें पुढच्या पिढीच्या हातीं दिली.

१९१२ सालीं ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथील हिंदी लोकांचे पुढारी गांधी हे त्यांस गुरुस्थानीं मानीत. जनरल बोथा व जनरल स्मट्स यांच्याशीं भेट ठरली, तेव्हां गोखल्यांनीं तेथील हिंदी लोकांच्या प्रश्नाचा सगळा इतिहास गांधींकडून लिहून घेतला आणि प्रकृति ठीक नसतांही रात्र जागून त्याची तयारी केली. मुलाखत थोड्या वेळाची. तयारी मात्र परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याची! भेटींत मिळालेल्या आश्वासनावर त्यांनीं भरंवसा ठेवला, पण तें लगेच पाळलें गेलें नाहीं. तीन पौंडांचा जुलमी कर उठावयास १९१३ चा सत्याग्रह व्हावा लागला आणि १९१४ साल उजाडावें लागलें. शब्दास जागणाऱ्यास समोरचाही तसाच असेल असें वाटतें, हा सज्जनांचा नेहमींचाच अनुभव आहे.

याच प्रवासांतली एक गोष्ट आपणां मराठी मंडळींस विशेष गोड वाटेल. तेथें राहणाऱ्या कोंकणी मुसलमान व महाराष्ट्रीय हिंदु लोकांपुढें गोखल्यांनीं इंग्रजींत न बोलतां मराठींत बोलावें, असा गांधींनीं आग्रह धरला. हिंदुस्थानींत त्याचें भाषांतर करण्याचें काम त्यांनीं स्वतःकडे घेतलें. भाषांतर कसें काय साधेल याविषयीं गोखल्यांनीं थोडी थट्टा केली, पण विनंती मानली. आपल्या घरची भाषा इतक्या मोठ्या पुरुषाच्या तोंडून परदेशांत ऐकतांना त्या श्रोत्यांस केवढा आनंद झाला! त्यानंतर झांजिबारपर्यंत जेथें जेथें योग्य असेल तेथें ते मराठींतच बोलले. ऐकणारा कोण आहे हें ओळखून त्याच्या हृदयाच्या भाषेंत बोलणें, हाही वक्त्याचा धर्मच होय.

त्यांच्या आयुष्यांतला सर्वांत मोठा पराभवही सभागृहांतच झाला. मुलांस प्राथमिक शिक्षण टप्प्याटप्प्यानें सक्तीचें करावें, असें बिल त्यांनीं १९११ सालीं आणलें. त्यासाठीं देशोदेशींचे दाखले जमविले, प्रत्येक आक्षेपास उत्तर दिलें. १९ मार्च १९१२ रोजीं मतें मोजलीं गेलीं; बाजूनें तेरा आणि विरुद्ध अडतीस. बिल फेटाळलें गेलें. ते १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यांत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं वारले. परंतु नीट विचार करून उच्चारलेला शब्द वक्त्याबरोबर मरत नाहीं. १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत सक्तीच्या शिक्षणास वाट करून देणारा कायदा झाला, आणि २००९ सालीं सहा ते चौदा वर्षांच्या बालकांस मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संमत झाला. ज्या बांकांवर आज आपण बसलों आहों, त्यांच्याशीं त्या हरलेल्या भाषणाचा संबंध नाहीं असें कोण म्हणेल?

आतां पालकांस एक विनंति. आपला मुलगा किंवा मुलगी व्यासपीठावर उभी राहिली असतां टाळ्या किती पडल्या हें अवश्य विचारावें. पण त्याआधीं, जें बोललें गेलें तें त्यांनीं स्वतः वाचलें होतें काय, पडताळलें होतें काय, आणि ऐकणारास तें समजलें काय, हें विचारावें. आणि बालमित्रहो, घरीं, वर्गांत, पुढें कचेरींत किंवा दुकानांत, जेथें जेथें चारचौघांत बोलण्याचा प्रसंग येईल तेथें तेथें तीन गोष्टी ध्यानांत ठेवा : बोलण्यापूर्वीं तयारी करा; बोलतांना समोरच्या मनुष्यास कळेल असें साधें बोला; आणि बोलून चूक झाली असें आढळल्यास ती लपवूं नका. पहिल्या दोन गोष्टी अभ्यासानें येतात. तिसरीस धैर्य लागतें, आणि ज्याच्या अंगीं तें धैर्य आहे त्याच्याच शब्दास जग शेवटीं किंमत देतें.