गोखल्यांचे अपुरे राहिलेले विधेयक

संगमेश्वर तालुक्यातील एखाद्या डोंगरवाडीतले मूल पऱ्या ओलांडून शाळेला जाते, तेव्हा त्याच्या पाठीशी एका पराभवाचा इतिहास उभा असतो, याची जाणीव आपणांस क्वचितच होते. त्या पराभवाचे मानकरी नामदार गोपाळ कृष्ण गोखले याच रत्नागिरी जिल्ह्यातले.

९ मे १८६६ रोजी कोतळूक येथे त्यांचा जन्म झाला. १८७९ साली वडील निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठविले. १८८४ मध्ये गोपाळराव पदवीधर झाले. एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याला आपले शिक्षण सोडावे लागते, हे त्यांनी घरातच पाहिले होते. पुढे पुण्यात त्यांनी अध्यापन केले.

बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. जे संस्थानाला साधले ते साम्राज्याला का साधू नये, हा गोखल्यांचा प्रश्न होता. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर शिक्षणाची सक्ती करण्याचा अधिकार त्यात स्थानिक संस्थांना दिला होता; मुलींचा विचार मात्र पुढील टप्प्यावर ठेवला होता. इतके सावध विधेयकही १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले.

त्यानंतर जग पुढे सरकले. युरोपने १९५२ च्या, आफ्रिकेने १९८१ च्या आणि अमेरिका खंडाने १९८८ च्या प्रादेशिक करारात शिक्षणाचा हक्क नोंदविला. भारतात २००२ च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क ठरला आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला.

तथापि दक्षिण आशियात नागरिकाला दाद मागता येईल असे प्रादेशिक मानवाधिकार न्यायालय नाही. युरोपातील पालकाला स्वदेशी न्याय न मिळाल्यास आणखी एक दार ठोठावता येते. आपल्या वाडीतील पालकाला ते नाही. म्हणूनच येथील शिक्षक, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांचे दायित्व अधिक जड आहे. गोखल्यांनी विश्वास टाकला होता तो स्थानिक संस्थांवरच. तो सार्थ ठरविणे, हेच त्यांचे खरे स्मारक होय.