गार्सिया द ओर्ता

गार्सिया द ओर्ता (जन्म: अंदाजे इ.स. १५०१, कास्तेलो द व्हिदे, पोर्तुगाल, मृत्यू: इ.स. १५६८, गोवा) हे पोर्तुगीज वैद्य, निसर्गअभ्यासक आणि व्यापारी होते. आयुष्याची अखेरची सुमारे चौतीस वर्षे त्यांनी भारतात, मुख्यतः गोव्यात, घालवली. भारतीय औषधी वनस्पतींविषयीचा त्यांचा संवादरूप ग्रंथ इ.स. १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. हिंग, चिंच, हिरडा, बेल, कुडा अशा पचनविकारांवरील देशी औषधांची तपशीलवार माहिती युरोपीय वाचकांना देणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. पटकीच्या रोगाचे युरोपीय वैद्याने केलेले पहिले सविस्तर वर्णनही याच ग्रंथात आढळते.

पूर्वायुष्य

ओर्ता यांचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू होते. इ.स. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली, तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे या गावी आले. इ.स. १४९७ मध्ये पोर्तुगालमध्येही ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. अशा धर्मांतरितांना नवख्रिस्ती म्हटले जाई. ते अंतर्यामी जुनाच धर्म पाळतात, असा संशय त्यांच्यावर पिढ्यानपिढ्या राहिला. ओर्ता यांच्या आयुष्यावर आणि मृत्यूनंतरच्या घटनांवरही या संशयाची छाया होती.

त्यांचे शिक्षण स्पेनमधील सालामांका आणि आल्काला या विद्यापीठांत झाले. इ.स. १५२३ च्या सुमारास ते मायदेशी परतले. काही काळ जन्मगावी वैद्यकी केल्यावर ते लिस्बनला गेले आणि इ.स. १५३० मध्ये तेथील विद्यापीठात अध्यापक झाले. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाचा तपास करणारे धर्मन्यायालय, स्थापन होण्याच्या हालचाली त्याच काळात सुरू होत्या. मार्च १५३४ मध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा या सेनानीच्या ताफ्याबरोबर त्याचे वैद्य म्हणून ओर्ता भारताकडे निघाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचले.

भारतातील वास्तव्य

पहिली चार वर्षे ओर्ता सौझाच्या मोहिमांबरोबर हिंडले. दीव, वसई, मलबार किनारा आणि श्रीलंका हे प्रदेश त्यांनी या काळात पाहिले. इ.स. १५३८ मध्ये सौझा मायदेशी परतला. ओर्ता मात्र गोव्यातच स्थायिक झाले. वैद्यकीबरोबर ते औषधी द्रव्ये व रत्ने यांचा व्यापारही करीत. गोव्यात त्यांची स्वतःची बाग होती. नात्यातील ब्रियांदा द सोलिस हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांना दोन मुली झाल्या.

अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशाह हा त्यांचा रुग्ण आणि स्नेही होता. त्याच्या दरबारात ओर्ता अनेकदा जात. तेथील युनानी परंपरेच्या हकिमांशी चर्चा करून त्यांनी औषधांची अरबी व फारसी नावे पडताळून घेतली, तर हिंदू वैद्यांकडून देशी नावे आणि उपयोग जाणून घेतले. रुग्णाला आधी आपल्या शिकलेल्या पद्धतीने उपचार करावा आणि त्याने गुण न आल्यास देशी वैद्यांच्या औषधाकडे वळावे, असा त्यांचा रिवाज होता.

इ.स. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज व्हाइसरॉयकडून त्यांना मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळाले. तेथे त्यांनी घर आणि बाग उभारली. या बेटावरील वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याच्या झाडाचा उल्लेख त्यांनी ग्रंथात केला आहे.

ग्रंथ

भारतातील वनौषधी व औषधी द्रव्ये यांवरील संवाद, असा आशय असलेल्या शीर्षकाचा त्यांचा पोर्तुगीज ग्रंथ एप्रिल १५६३ मध्ये जोआन द एंदेम या मुद्रकाने गोव्यात छापला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक आहे. मुद्रणातील चुका इतक्या होत्या की अखेरीस लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. लुईश द कामोइश या पुढे महाकवी म्हणून प्रसिद्ध झालेल्या कवीची एक रचना या ग्रंथाच्या आरंभी आहे. त्याची छापली गेलेली ती पहिली कविता मानली जाते.

ग्रंथात एकूण ५९ संवाद आहेत. एका बाजूला स्वतः ओर्ता आणि दुसऱ्या बाजूला रुआनो नावाचा काल्पनिक विद्वान, अशी त्यांची मांडणी आहे. रुआनो ग्रीक व अरबी ग्रंथांतील वचने पुढे करतो आणि ओर्ता प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे ती तपासतात. घरातील दासी अंतोनिया आणि मलुपा नावाचा हिंदू वैद्य हीही पात्रे मधूनमधून येतात. आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलन आणि ग्रीक आचार्यांच्या विरुद्ध बोलण्याचे धाडस केले नसते, अशी कबुली ओर्ता या ग्रंथात देतात.

पचनविकारांवरील औषधे

गोव्यात येणाऱ्या युरोपीयांना अतिसार आणि आमांश यांचा मोठा त्रास होई. त्यामुळे ग्रंथात पोटाच्या विकारांवरील औषधांना बरीच जागा मिळाली आहे. आमांशावरील मलबारी झाडाला एक स्वतंत्र संवाद दिलेला आहे. हे झाड म्हणजे कोकणात सर्वत्र आढळणारा कुडा, असे अभ्यासक मानतात. कुड्याच्या सालीत कोनेसीन हे अल्कलॉइड असते, हे पुढे रासायनिक विश्लेषणातून दिसून आले. आमांशावर बेलाचे कच्चे फळ देण्याची रीतही ओर्ता यांनी नोंदवली आहे. पोर्तुगीज लोक या फळाला बंगालचे मार्मेलो म्हणत.

हिरडा, बेहडा, आवळा आणि त्यांच्यासारखी फळे युरोपातील औषधविक्रेत्यांना केवळ वाळलेल्या रूपात माहीत होती. त्यांचे पाच प्रकार मानले जात. ही फळे वेगवेगळ्या झाडांची आहेत हे ओर्ता यांनी स्पष्ट केले आणि त्यांची देशी नावे दिली. चिंच हे रानटी खजुराचे फळ असल्याची युरोपातील समजूतही त्यांनी दूर केली आणि सौम्य रेचक म्हणून साखरेबरोबर तिचा होणारा उपयोग सांगितला. कोकमाचाही उल्लेख ग्रंथात आहे.

हिंगाविषयीचा संवाद विशेष प्रसिद्ध आहे. हिंदू लोक भाज्यांत हिंग घालतात, त्याने वायू सरतो आणि भूक लागते, असे ओर्ता सांगतात. हिंगाचा वास त्यांना स्वतःला आवडत नसे. तरी हिंग घालून केलेली भाजी चवीला चांगली लागल्याचे ते मान्य करतात. याच संवादात विजयनगरची एक गोष्ट आहे. एका पोर्तुगीजाच्या उमद्या घोड्याला वायूचा विकार असल्याने राजा तो विकत घेईना. मालकाने पिठातून हिंग चारून घोडा बरा केला आणि राजाने तो घेतला. उपाय कोणता केला हे कळल्यावर, घोड्याला देवांचे अन्न मिळाले तर तो बरा झाला यात नवल नाही, असे राजा म्हणाला. त्यावर हे तर सैतानांचे अन्न, असे तो पोर्तुगीज आपल्या भाषेत पुटपुटला.

पटकीचे वर्णन

ग्रंथातील सतरावा संवाद पटकीविषयी आहे. नाडी मंदावणे, थंड घाम, आतून दाह, असह्य तहान, खोल गेलेले डोळे, सततच्या उलट्या व जुलाब आणि पायांत येणारे गोळे ही लक्षणे ओर्ता यांनी नेमकेपणाने टिपली आहेत. काही रुग्ण दहा तासांत दगावतात आणि जून-जुलै या महिन्यांत रोगाचा जोर अधिक असतो, असेही ते नमूद करतात. या रोगाचे त्यांनी दिलेले देशी नाव मराठी-कोकणीतील मोडशी या शब्दाशी जुळणारे आहे. पोर्तुगिजांनी त्याचे मोर्देशी असे रूप केले आणि पुढे फ्रेंच भाषेत ध्वनिसाम्यावरून त्याचा अर्थ कुत्र्याचे मरण असा लावला गेला.

देशी वैद्य या रोगावर मिरी व जिरे घातलेली तांदळाची पेज देत, तळपायांना डाग देत आणि गोळे थांबावेत म्हणून हातपाय पट्ट्यांनी बांधत. स्वतः ओर्ता यांचा बेझोर या प्राण्यांच्या पोटात सापडणाऱ्या खड्यावर विश्वास होता. डाग आणि बेझोर यांना आजच्या वैद्यकात स्थान नाही. पेज देण्यामागील विचार मात्र शरीरातील पाणी भरून काढण्याच्या आधुनिक उपचाराशी जुळतो. तांदळापासून केलेले क्षारयुक्त द्राव आज पटकीच्या रुग्णांना दिले जातात.

मृत्यू आणि इन्क्विझिशन

ओर्ता यांच्या बहिणींना लिस्बनमध्ये इन्क्विझिशनने अटक केली होती. सुटकेनंतर इ.स. १५४९ मध्ये त्या आईसह गोव्यात भावाकडे आल्या. मात्र इ.स. १५६० मध्ये गोव्यातही इन्क्विझिशनची स्थापना झाली. ओर्ता यांचा ग्रंथ इन्क्विझिटरच्या परवानगीनेच छापला गेला, आणि आपल्या ज्यू मुळाविषयी त्यांनी त्यात एक अक्षरही लिहिले नाही. व्हाइसरॉय व सेनानी यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे हयातीत त्यांच्यावर कारवाई झाली नाही.

इ.स. १५६८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी बहीण कातारिना हिला अटक झाली. ओर्ता गुप्तपणे ज्यू धर्म पाळत, अशी जबानी चौकशीत नोंदवली गेली. ऑक्टोबर १५६९ मध्ये कातारिनाला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. मृत ओर्ता यांनाही दोषी ठरवून ४ डिसेंबर १५८० रोजी त्यांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या.

वारसा

इ.स. १५६७ मध्ये कारोलुस क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या ग्रंथाचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद अँटवर्प येथे प्रसिद्ध केला. तो युरोपभर पसरला आणि त्यामुळे लेखकाच्या शिक्षेनंतरही ग्रंथातील ज्ञान टिकून राहिले. क्रिस्तोव्हाँ दा कोश्ता याच्या इ.स. १५७८ मधील स्पॅनिश ग्रंथाचा मोठा भाग ओर्ता यांच्यावर आधारलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काँद द फिकाल्यो यांनी मूळ ग्रंथाची सटीप आवृत्ती काढली आणि इ.स. १९१३ मध्ये क्लेमंट्स मार्कम यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. कुटुंबावरील खटल्यांची कागदपत्रे विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती आली. त्यांवर आधारित चरित्र इ.स. १९३४ मध्ये आउगुस्तो दा सिल्व्हा कार्व्हाल्यो यांनी लिहिले.

पणजीतील चर्चजवळचे नगर उद्यान आणि पोर्तुगालमधील आल्मादा येथील रुग्णालय यांना ओर्ता यांचे नाव देण्यात आले आहे. पोर्तुगालच्या २० एस्कुदोच्या नोटेवर त्यांचे चित्र होते.