बाबासाहेबांची इंग्रजी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र विहारात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून या वर्धापनदिनाच्या अंकात आम्ही ते एकाच अंगाने सांगणार आहोत. आपल्या वस्तीतली पोरे शिकली, हापिसात लागली. पण साहेबांपुढे इंग्रजीत बोलायची पाळी आली की दातखीळ बसते. गिरणीत असताना आम्हीही इंग्रजी कागदावर मुकाट्याने सही केलेली आहे, म्हणून हा विषय.

बाबासाहेबांच्या घरी काही इंग्रजी पिढीजात नव्हती. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेचे हेडमास्तर. त्यांनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली, हॉवर्डची पुस्तके वाचून घेतली. म्हणजे मराठी वाक्य समोर ठेवून त्याची इंग्रजी करायची. पुढे परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत सगळा संसार. मुलगा लवकर झोपायचा, वडील रात्री दोनपर्यंत जागायचे, त्याला अभ्यासाला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे.

एल्फिन्स्टन हायस्कूलात मास्तरांनी त्यांना फळ्याजवळ बोलावले, तर फळ्यामागचे जेवणाचे डबे बाटतील म्हणून वर्गातली पोरे डबे उचलायला धावली. चारचौघांत उभे राहायची भीती कुठून येते ते इथे कळते. आमच्या पोरांना व्याकरण येत नाही असे लोक बोलतात. आम्हाला वाटते, भीती व्याकरणाची थोडी आणि हसणाऱ्यांचीच जास्त.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ मार्क. हा आकडा पोरांनी ध्यानात ठेवावा. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि मे १९१६ मध्ये तिथल्या विद्वानांसमोर जातिव्यवस्थेवर निबंध वाचला.

पण खरी परीक्षा नोकरीत झाली. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अस्पृश्य माणूस काय शिकवणार, म्हणून विद्यार्थी आधी लक्षच देईनात. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. बाबासाहेब तास घेत राहिले. विषयाची तयारी अशी की थोड्याच दिवसांत दुसऱ्या कॉलेजांची पोरेही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. इंग्रजी चांगली होतीच, पण वर्ग जिंकला तो अभ्यासाने. काय सांगायचे ते ज्याचे पक्के, त्याची जीभ अडत नाही.

पुढे लंडनला डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी. १९३० साली गोलमेज परिषदेत इंग्रजांच्या घरात बसून इंग्रजांनाच त्यांच्या राज्याचा हिशेब विचारला. १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत अध्यक्षांनी त्यांचे नाव अचानक पुकारले. त्या दिवशी बोलायची तयारी नव्हती, हे त्यांनी सभेपुढे उघड सांगितले आणि मग असे बोलले की विरोधकही ऐकत राहिले. तयारी नाही हे कबूल करायलासुद्धा छाती लागते!

त्याच वर्षी, मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. दिल्लीतले ते कामकाज इंग्रजीत चालले, सुटका मात्र आमच्या आजोबांच्या पिढीतल्या साचेवाल्यांची झाली.

आपल्या माणसांत मात्र त्यांनी इंग्रजी मिरवली नाही. 'मूकनायक' मराठीत काढला. १९५६ साली नागपुरात बावीस प्रतिज्ञा मराठीतच दिल्या. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ जगाने वाचावा म्हणून इंग्रजीत लिहिला. तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला.

वर्षावासात आपण त्याचे मराठी भाषांतर वाचतो. येत्या वर्षावासात दर रविवारी मूळ इंग्रजीतले एक पान पोरापोरींनी विहारात उभे राहून मोठ्याने वाचावे आणि कोणी अडखळले तर कोणी हसू नये, अशी सूचना आम्ही कमिटीपुढे ठेवली आहे.