पेशावरचा हवालदार : चंद्रसिंह गढवाली

चंद्रसिंह भंडारी यांचा जन्म 25 डिसेंबर 1891 रोजी गढवालच्या डोंगराळ मुलखात, एका शेतकरी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण जेमतेमच झाले. डोंगरातल्या तरुणाला घराबाहेर पडायचे, तर पलटणीत भरती होणे हा मानाचा मार्ग होता. 1914 मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि चंद्रसिंह लॅन्सडाउनला जाऊन 39 व्या गढवाल रायफल्समध्ये दाखल झाले. 1915 मध्ये ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले, 1917 मध्ये मेसोपोटेमियात लढले. याच युद्धात दरवानसिंह नेगी आणि गबरसिंह नेगी या गढवाली वीरांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि पुढे पलटणीच्या नावामागे ‘रॉयल’ हा किताब लागला. चंद्रसिंह घडले ते अशा पलटणीत. गोळीला घाबरणारा किंवा शिस्तीला कंटाळलेला हा शिपाई नव्हता, हे आरंभीच ध्यानात ठेवले पाहिजे.

युद्धानंतर त्यांची पलटण वायव्य सरहद्दीवरही राहिली. या वर्षांत चंद्रसिंहांवर आर्य समाजाच्या विचारांचा प्रभाव पडला. वर्तमानपत्रे मिळवून ती वाचण्याची सवय लागली. देशात काय चालले आहे, हे बराकीतल्या जवानांना ते समजावून सांगू लागले.

1930 च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि कायदेभंगाची लाट सरहद्दीपर्यंत पोहोचली. 23 एप्रिल रोजी खान अब्दुल गफारखान यांना अटक झाली. पेशावरमध्येही पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि किस्साखानी बाजारात प्रचंड जमाव गोळा झाला. चिलखती मोटारी गर्दीत घातल्या गेल्या, माणसे चिरडली गेली. जमाव खवळला. एक मोटार जाळण्यात आली, एक ब्रिटिश मोटारसायकलस्वार सैनिक मारला गेला. त्यानंतर गोळीबार झाला. किती लोक मेले, याबद्दल सरकारचा आकडा आणि लोकांचा आकडा यांत मोठी तफावत राहिली.

18 व्या रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी पलटण तेव्हा पेशावरमध्ये होती. पेशावरचे बहुसंख्य मुसलमान तिथल्या हिंदूंना छळतात, त्यांच्या रक्षणासाठी फौज लागते, असे या हिंदू जवानांना आधी सांगण्यात आले होते. चंद्रसिंहांनी आपल्या सोबत्यांना एकांतात वेगळेच सांगितले. हा तंटा हिंदू-मुसलमानांचा नसून सरकार आणि स्वराज्य मागणारी जनता यांच्यातला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्ष बाजारात कॅप्टनने गोळी चालवण्याचा हुकूम दिला, तेव्हा हवालदार चंद्रसिंहांनी मोठ्या आवाजात जवानांना गोळी न चालवण्यास सांगितले. बंदुका खाली आल्या. समोर नि:शस्त्र लोक आहेत आणि त्यांच्यावर आम्ही गोळी झाडणार नाही, असे त्यांनी अधिकाऱ्याला सांगितले. दुसऱ्या दिवशी शहरात जाण्याचा हुकूम झाला, तोही जवानांनी नाकारला.

त्यांनी काय केले, इतकेच त्यांनी काय केले नाही हेही महत्त्वाचे आहे. एकाही अधिकाऱ्यावर बंदूक रोखली गेली नाही. कोणी शस्त्र घेऊन पळाले नाही. त्यांनी शस्त्रे जमा केली आणि अटक करून घेतली. ॲबटाबादला कोर्ट मार्शल झाले. बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी बचाव केला. सतरा जणांना शिक्षा झाल्या. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, त्यांची मालमत्ता जप्त झाली. गढवालच्या गरीब शेतकऱ्याच्या घरात फौजेचा पगार बंद होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

या कथेतला सर्वांत अवघड भाग यापुढे आहे. मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात हजारो सत्याग्रही सुटले, पण आज्ञाभंगाबद्दल शिक्षा झालेले सैनिक आणि पोलीस त्यातून वगळले गेले. गांधीजींना एका फ्रेंच पत्रकाराने याबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी गढवाली जवानांची पाठराखण केली नाही. सैनिकाने शपथ घेतली आहे, ती मोडणे त्यांना मान्य नव्हते. उद्या स्वराज्य आले तर त्याही सरकारला याच सैनिकांवर अवलंबून राहावे लागेल, आणि आज हुकूम मोडायला शिकवले तर उद्या तेही तसेच वागतील, अशी त्यांची धास्ती होती. अहिंसेच्या पुजाऱ्याने असे म्हणावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पण त्या युक्तिवादात वजन आहे. ज्या फौजेत प्रत्येक जण स्वत:च्या मर्जीने हुकूम निवडतो, ती फौज राहत नाही, टोळी होते.

मग चंद्रसिंह चुकले काय? उत्तर शोधताना अकरा वर्षे मागे जाऊन पाहावे. 13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकुमावरून पन्नास बंदूकधारी सैनिकांनी सुमारे 1650 फैरी झाडल्या. हुकूम बिनचूक पाळला गेला. सरकारी आकड्यानुसारच 379 माणसे मेली. त्या दिवशी शिस्त मोडली नाही, पण त्या शिस्तीचा अभिमान आज कोणी बाळगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत, केवळ वरून हुकूम होता म्हणून गुन्हा माफ होत नाही, हे तत्त्व मान्य झाले. आपल्या 1950 च्या सेना कायद्यातही आज्ञाभंगाचे कलम आहे आणि त्यात कायदेशीर हुकुमाचा भंग हा गुन्हा म्हटला आहे. ‘कायदेशीर’ हा एकच शब्द, पण त्याचा भार मोठा आहे. तो जवानाला आवडी-निवडीची मुभा देत नाही. हुकूम देणाऱ्यालाही तो बांधून ठेवतो.

चंद्रसिंह 1941 च्या सप्टेंबरमध्ये सुटले. त्यानंतर काही काळ ते वर्ध्याला गांधीजींच्या आश्रमात राहिले. ज्यांनी आपल्या कृतीला पाठिंबा दिला नाही, त्यांच्याचकडे ते गेले आणि त्यांनीही त्यांना जवळ केले. 1942 च्या आंदोलनात पुन्हा तुरुंग वाट्याला आला. पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले आणि डोंगरातल्या लोकांच्या प्रश्नांसाठी झटत राहिले. राहुल सांकृत्यायन यांनी त्यांचे चरित्र लिहिले. मोठे पद किंवा सुबत्ता मात्र त्यांना लाभली नाही. 1 ऑक्टोबर 1979 रोजी त्यांचे निधन झाले. 1994 मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

छात्र मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांवर असा प्रसंग कधीच येणार नाही, आणि न येवो. पण आपल्यातले अनेक जण उद्या हुकूम देणारे अधिकारी होतील. चंद्रसिंहांचे जीवन वाचताना त्या हवालदाराच्या जागी स्वत:ला उभे करून पाहावे, आणि त्याहून आधी, त्या कॅप्टनच्या जागी. जवानाला नाकारावा लागेल असा हुकूम आपल्या तोंडून निघणार नाही, ही काळजी घेणे हेही नेतृत्वच आहे.