अलेक्सिस किवी : फिनलंडचा विनोदी कथाकार

युरोपच्या उत्तरेस, अरण्ये आणि सरोवरे यांनी व्यापलेल्या फिनलंड देशातील नुर्मियार्वी या खेड्यात, एका शिंप्याच्या घरी १० ऑक्टोबर १८३४ रोजी अलेक्सिस स्टेनवाल जन्मास आला. घरची बोली फिनिश. परंतु शाळा, न्यायालय व विद्यापीठ यांची भाषा स्वीडिश. बाराव्या वर्षी हेलसिंकीस जाऊन त्याला ती परकी भाषा शिकावी लागली. लेखक होताना मात्र त्याने घरचीच भाषा पत्करली आणि 'किवी', म्हणजे दगड, हे फिनिश नाव धारण केले.

खेड्यातील चांभारांच्या फजितीवर त्याने १८६४ साली रचलेल्या प्रहसनास पुढील वर्षी शासकीय पारितोषिक लाभले. १८७० साली 'सात भाऊ' ही कादंबरी चार भागांत प्रसिद्ध झाली. अक्षरे शिकण्याच्या धाकाने सात पोरके भाऊ रानात पळून जातात. उधळलेल्या बैलांच्या भीतीने एका प्रचंड शिळेवर अडकून पडतात, आणि तेथे उपाशीपोटी एकमेकांस गोष्टी सांगतात! अखेरीस ते गावी परततात आणि वाचावयास शिकतात.

या कादंबरीवर कठोर घाव घातला तो फिनिश भाषेचेच प्राध्यापक असलेल्या आउगुस्त आल्क्विस्ट यांनी. आपल्या लोकांचे हे अडाणी, भांडखोर चित्र त्यांना अपमानास्पद वाटले. दारिद्र्य, मद्य आणि मनोविकार यांनी आधीच खचलेला किवी पुन्हा सावरला नाही. ३१ डिसेंबर १८७२ रोजी तूसुला येथे, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, त्याची प्राणज्योत मालवली. कादंबरी एकत्रित ग्रंथरूपाने निघाली ती १८७३ साली. ती पाहण्यास तो उरला नव्हता.

भाषेच्या प्रतिष्ठेसाठी झटणाऱ्या विद्वानास स्वभाषेतील हसू सोसू नये, हा दैवदुर्विलास आम्हांस विचार करावयास लावतो. परभाषी प्रांतांत मंडळे स्थापून मराठी जपणाऱ्या आम्हां मंडळींनाही भाषेचा अभिमान पुष्कळ आहे. पण ज्या भाषेत माणसे स्वतःवर मोकळेपणी हसतात, तीच घराघरांत नांदते. फिनिश वाचकांनी हे ओळखले. १९३९ साली हेलसिंकीच्या राष्ट्रीय नाट्यगृहासमोर किवीचा पुतळा उभा राहिला, आणि त्याचा जन्मदिवस आज फिनिश साहित्याचा दिवस म्हणून साजरा होतो. शिंप्याच्या या पुत्रास आमचे दुरून अभिवादन!